लिंका मी घेतल्या होत्या, भगवान

उशिरा लिहून राह्यलो, माफ करा. एक वर्ष उशीर झाला.

माझ्या धाकट्या भावानं, भगवानानं, लोखंडी पट्टीनं आपल्याच जावयाचा हात मोडला. चूक जावयाची नव्हती. माझी होती.

आज भगवानला जाऊन वर्ष झालं. सकाळी श्राद्ध उरकलं आणि लिहायला बसलो. मी सातवी शिकलेला, टायपिंग धड येत नाही. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

मंठ्यातलं आमचं वर्कशॉप या ग्रुपवरच्या सगळ्यांना माहीत आहे. तिफण, वखर, कोळपी, सगळी शेतीची अवजारं. बोर्डावर आमच्या वडिलांचं नाव. भगवान ऐरणीवर, मी गिऱ्हाइकाशी बोलायला.

भगवानला एकच मुलगी, संगीता. तिचा नवरा गजानन कॉम्प्युटर शिकलेला. लग्नानंतर तो इथंच राहिला आणि त्यानं वर्कशॉपची वेबसाइट काढली. वडिलांच्याच नावानं.

भगवान हसला. "लोखंड काय आता टीव्हीवर विकतं का?"

मग यवतमाळहून फोन आला. मग आदिलाबादहून. इंटरनेटवर कुणी 'बैलाची तिफण' शोधलं की आमचं नाव सगळ्यात वर यायचं.

मी गजाननाला विचारलं, हे कसं काय?

"मोठे मामा, दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडं रस्ता असतो, त्याला बॅकलिंक म्हणतात. शेतकी कॉलेजच्या सरांनी आपली तिफण वापरून बघितली. त्यांच्या पानावर लिहिलं, खाली आपला पत्ता दिला. असं एक पान लई झालं."

"एकानं काय होतंय, जावईबापू? पाच-पन्नास तरी पाहिजेत."

"गूगलवाले किती ते न्हाई बघत, मोठे मामा. कोण ते बघतात."

मला पटलं नाही.

आपल्याकडच्या लग्नपत्रिका आठवा. चुलते, मामे, सरपंच, माजी सरपंच, खाली मित्रमंडळ. लग्नाला येवोत न येवोत, नावं भरगच्च पाहिजेत. कमी असली की लोक म्हणतात, यांना कुणी विचारत न्हाई.

लिंकांचंही तसंच असेल, असं मी समजलो.

त्यात जालन्याचा एक दुकानदार सर्चमध्ये आमच्या खालोखाल आला. रोज सायबर कॅफेत जाऊन बघायचो, हा आज किती सरकला.

तिथंच एक जण भेटला. "काका, आठ दिवसांत पाच हजार लिंका. पासवर्ड नको, काही नको. फक्त साइटचा पत्ता द्या."

मी पत्ता दिला, पैसेही दिले. घरात कुणाला बोललो नाही.

पंधरा दिवस आम्ही एकदम वर, जालन्याचा पार खाली. मी मनातून खुश.

मग एका सकाळी गायब. पहिल्या पानावर नाही, दहाव्या पानावर नाही. फोन वाजायचे थांबले.

गजाननानं दोन दिवस शोधलं. मग मला बाजूला घेतलं. "मोठे मामा, तुम्ही कुणाला साइटचा पत्ता दिल्ता का? कुणीतरी विकतच्या खोट्या लिंका लावल्यात, म्हणून गूगलनं आपल्याला काढून टाकलं."

"न्हाई," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी भगवान घाम पुसत कॉम्प्युटरपाशी आला. गजानन एकेक लिंक उघडून तपासत होता. एक पान जुगाराचं. पुढचं उघडलं तर नागड्या बाया.

त्यांच्या मधोमध आमच्या वडिलांचं नाव.

"माझ्या बापाचं नाव कुठं नेऊन मांडलं रे?"

"मामा, मी न्हाई केलं. ऐकून तर घ्या!"

पट्टी भगवानच्या हातातच होती. पहिला घाव खांद्यावर. दुसऱ्याला गजाननानं हात आडवा धरला. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला.

संगीता मध्ये पडली. भगवानानं तिला केसाला धरून फेकलं. तिचं कपाळ ऐरणीवर आपटलं. मग त्यानं घण उचलला आणि कॉम्प्युटरचा चुरा केला.

दिवाळीला ज्या जावयाचे पाय धुतले, त्याला तो लाथेनं तुडवत होता.

मी भात्याजवळ उभा.

संगीता रक्त पुसत मला म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही तरी सांगा की. हे असं करतील का?"

मी खाली बघितलं. तोंड उघडलं असतं तर ती पट्टी माझ्या डोक्यात बसली असती. बसायलाच पाहिजे होती.

त्याच दिवशी दोघं एसटीनं गेले. जाताना ती म्हणाली, "बाप मेला तरी येणार न्हाई."

नाही आली.

गेल्या वर्षी धार लावायच्या मशीनवरचा एमरीचा दगड फिरता फिरता फुटला आणि तुकडा भगवानच्या छातीत घुसला. जीपमध्ये आडवा घालून त्याला जालन्याला नेत होतो. माझं धोतर रक्तानं चिंब. त्या भीतीत मी बोलून गेलो.

"भगवान, लिंका मी घेतल्या होत्या."

त्यानं डोळे उघडले आणि माझा गळा धरला. जन्मभर घण मारलेला हात. मला श्वास येईना. जीपवाला ओरडला, "काका, काय करून राह्यले?"

मग पकड सैल झाली.

"दादा, तिला सांग. आधी तिला सांग."

जालना यायच्या आधीच तो गेला.

लोकांना मी सांगत आलो, संगीताचा नंबर न्हाई. खोटं. शोधला असता तर मिळाला असता. मी भ्यालो. आजही भिऊनच लिहितोय, पण लिहितोय.

मंठ्यातले लोक अजून म्हणतात, जावयानं वर्कशॉप बुडवलं. आजपासून म्हणू नका. विचारायचं असेल तर मला विचारा, मी वर्कशॉपवरच असतो.

भगवान, तुझा निरोप वर्षभर माझ्याकडं अडून होता. आज पाठवला. तुला हात जोडतो.

संगीता, गजाननराव, तुम्ही हा ग्रुप वाचता असं कुणीतरी म्हणालं. शिव्या द्या, येऊ नका, माझं तोंड बघू नका. पण हात बरा झाला का, तेवढं कळवा.

जल्दी कळवा.