गेनूअण्णांच्या सहा विटा

गेनूअण्णा येताना दिसले की शालन, म्हणजे माझी बायको, घरातली एकुलती एक खुर्ची भिंतीला सरकवून ठेवायची. त्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. दारात चपला काढायच्या, खोलीच्या मधोमध खाली मांडी घालून बसायचं, बशीतून चहा प्यायचा आणि निघताना हात कुठेही न टेकता ताडकन उभं राहायचं. वय पासष्टीच्या पुढे. उभे राहिले की मिशीवरून बोट फिरवत आमच्याकडे बघायचे, सगळ्यांनी पाहिलं ना याची खात्री करून घ्यायचे. माणसं एकमेकांना भेटली की बरं आहे ना, असं विचारतात. अण्णा विचारायचे, "आज हात टेकला का?" आमच्या संत तुकारामनगरातली निम्मी म्हातारी मंडळी या प्रश्नाला भिऊन वाट बदलायची.

अण्णा मूळचे चिखलीचे. तरुणपणी तालमीत घुमलेले, जत्रांतून कुस्त्या मारलेले. पुढे बारा वर्षं आमच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. मी तिथेच लेथ मशीनवर टर्नर. निवृत्तीच्या आदल्या वर्षी टायफॉइडने ते महिनाभर अंथरुणाला खिळले आणि बरे होऊन उठायला गेले तर पाय साथ देईनात. डॉक्टर म्हणाले, वय झालं. अण्णांना ते मुळीच पटलं नाही. एका महिन्यात कुणाचं वय होत नसतं, असं त्यांचं म्हणणं. दोष त्यांनी भलत्याच वस्तूला दिला. "कंपनीनं बसाया स्टूल दिलं, आन् बारा वर्सांत माजी मांडी काढून घेतली." मग त्यांनी घरामागे सहा विटा एकावर एक रचल्या आणि त्यांच्यावर बसून उठायला सुरुवात केली. दहा वेळा जमलं की एक वीट काढायची. असं करत करत ते जमिनीपर्यंत पोचले, आणि तेव्हापासून खुर्चीशी त्यांनी कायमचं वैर धरलं.

बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली, तेव्हा मी आईला पिंपरीला आणलं. खेड तालुक्यात आमचं दोन खोल्यांचं घर, चार कोंबड्या आणि परसात एक शेवगा. वडील आधीच गेलेले. पाऊस पडला की परत जाईन, या बोलीवर ती आली. जन्मभर राबलेली बाई, म्हणून मी तिला बजावलं की आता तू बसून खायचं. नळ घरात होता, गिरणी कोपऱ्यावर होती, स्वयंपाकाचा ओटा उभ्याचा होता. शालन तिला भाजीसुद्धा निवडू देत नव्हती. मी लोखंडी कॉट आणली. आमचं कौतुक सगळ्या बिल्डिंगीत झालं. यथावकाश पाऊस पडला, विहीर भरली, पण तोवर आईला कॉटवरून उठणं जड जाऊ लागलं होतं.

मी हाताचा कारागीर. साहेबांना विचारून भंगारातला हातभर रॉड घेतला, लेथवर चढवून आरशासारखा केला, आईची मूठ सटकू नये म्हणून मध्ये नर्लिंग केलं, म्हणजे बारीक खरखरीत जाळी पाडली, आणि तो कॉटशेजारी भिंतीत बसवला. इतकं देखणं काम मी कंपनीसाठीही केलं नव्हतं. आई तो धरून उठायची आणि मी धन्य व्हायचो. तीन महिन्यांत तिला तो धरूनही उठता येईना.

तरी गावाचं नाव ती सोडत नव्हती. मी समजावलं की गावाला कॉट नाही, चूल जमिनीवर, परसाकडे जायचं तर उघड्यावर. एकटी खाली बसलीस तर उठवणार कोण? शेवटी वैतागून म्हणालो, जमिनीवरून आपली आपण उठून दाखव, दुसऱ्या दिवशी एसटीत बसवतो. ते तिला कधीच जमणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

त्याच आठवड्यात अण्णा चहाला आले. त्यांनी भिंतीतला रॉड पाहिला, नर्लिंगवरून अंगठा फिरवला. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"काम झ्याक हाय, राव," ते म्हणाले. "आता काढ."

मी काय चुकलं ते विचारलं, तर म्हणाले, "उठायचं काम तू हाताला दिलंस. मग मांडीनं काय करावं? मांडीत जोर हाय तवर मानूस घराचा मालक. जोर गेला की पाव्हणा." रॉड मात्र त्यांनी टाकू दिला नाही. त्याचं काम पुढे आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहा विटा आल्या. भिंतीला टेकवून रचल्या, वर गोधडीची घडी. आई विटांकडे बघत म्हणाली, "पांडुरंगाला येक पुरली, मला सा लागत्यात व्हय?" अण्णा समोर उकिडवे बसले. हात छातीशी घ्यायला लावले आणि बसा-उठा सुरू झालं. पहिल्या दिवशी ती दोनदा उठली, तिसऱ्यांदा कोसळलीच असती. मी धावलो, तर अण्णांनी मला नजरेनेच जागच्या जागी थांबवलं. थोडा दम खाऊ दिला आणि म्हणाले, "परत येकदा, आक्का." हे त्यांचं पेटंट वाक्य. रागावणं नाही, चुचकारणं नाही, फक्त परत एकदा.

हा कार्यक्रम दिवसाआड चालायचा. मधल्या दिवशी विश्रांती, कारण जोर झोपेत भरतो असं तालमीतलं गणित. चहा-चपातीवर मांडी भरत नाही म्हणून रोज एक अंडं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. आईने आयुष्यात कधी स्वतःसाठी अंडं शिजवलं नव्हतं. ती अण्णांना शिव्या घालत खायची. "घाई न्हाई, पन खाडाबी न्हाई," एवढंच ते ऐकवायचे. दिवाळीपर्यंत चार विटा निघाल्या.

दोन विटांवर मात्र गाडी अडली. तीन आठवडे आई अर्ध्यावर यायची, मांड्या थरथरायच्या आणि पुन्हा खाली. तिचा चेहरा मला बघवेना. एके दिवशी पहिल्या शिफ्टला निघताना मी हळूच एक वीट परत गोधडीखाली सरकवली. दया आली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर दोनच विटा उरल्या आहेत हे माझ्या ध्यानात आलं होतं. जमिनीवरून उठली की ती जाणार होती, आणि मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी आई बसली आणि बसल्याबरोबर थांबली. डोळ्यांना न दिसणारं गुडघ्यांना कळलं होतं.

"दिनू, ही वीट काढ," ती म्हणाली.

मी वीट काढली. निघताना अण्णा जिन्यापाशी मला म्हणाले, "दिनकर, तुला आई पायजे का पाव्हणी?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरून गेले. मला फार लाज वाटली.

संक्रांतीच्या सुमारास आई नुसत्या जमिनीवरून उठली. अण्णांनी लगेच माझा रॉड मागवला आणि तो वजन म्हणून तिला छातीशी धरायला लावून महिनाभर तसंच उठवलं. मग मी शब्द पाळला. एसटी सुटताना अण्णांच्या मिशीवरच्या बोटाला उसंत नव्हती आणि मी रुमाल शोधत होतो. पिशवीत आईने रॉड घेतला होता. पुढे मी गावी गेलो की तो चुलीमागे उभा दिसायचा, मुठीच्या जागी जाळी झिजत चाललेली.

सात-आठ वर्षांनी अण्णांनी अंथरूण धरलं. या वेळी छातीचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मी आईला पत्र टाकलं. सत्तरी ओलांडलेली माझी आई एकटी एसटीने आली आणि सरळ त्यांच्या घरी गेली. अण्णांच्या सुनेने मोठ्या आदराने खुर्ची पुढे केली. आईने ती बाजूला सारली, अंथरुणाशेजारी जमिनीवर बसली, पाऊसपाण्याचं बोलली, कोंबड्यांचं बोलली. अण्णा नुसते ऐकत होते, बोलायला दम पुरत नव्हता.

मग तिने हात छातीशी घेतले आणि कुठेही न टेकता उभी राहिली.

अण्णांचा हात मिशीपर्यंत गेला नाही, अर्ध्या वाटेत गोधडीवर पडला. पण ओठ हलले.

"परत येकदा, आक्का."

आई परत खाली बसली आणि उठली. मी तिच्या मागेच उभा होतो. माझे हात माझ्यापाशीच राहिले.