आमच्या साडूचं सैल शिड

अख्ख्या इंदापूर तालुक्यात वाऱ्याला दम देणारा माणूस एकच हाय, आन् तो माझा साडू हाय. माझ्या बायकूची थोरली बहीण त्याला दिलीय. म्हंजी नात्यानं तो मोठा, शिक्षणानं मोठा, उंचीनं बी मोठा. त्याच्यापेक्षा माझ्याकडं मोठं असं एकच हाय, पोट. मी दुसरीपोतर शाळंत गेलो, पुढं शाळेलाच माझा कंटाळा आला. जळोचीला माझं ताडपत्री शिवायचं दुकान हाय. साडूनं मातूर मोजणी खात्यात पस्तीस वर्सं काढली आन् रिटायर झाला तरी खिशातला टेप काय रिटायर झाला न्हाय. माझ्या लग्नात मांडवात पाय टाकल्या टाकल्या त्यानं टेप काढला, ह्या टोकापासनं त्या टोकापोतर धरला, "मांडव दीड फूट वाकडा हाय" म्हणला, आन् मग मला "जय भीम" घातला. आता मांडव मीच बांधला हुता हे मी त्याला अजून सांगितलेलं न्हाय. चहा दिला तर कपात किती आन् बशीत किती ते डोळ्यानंच मोजतो. वाढदिवसाचा केक कापायला ह्याच्या हातात सुरी दिली तर लेकरं झोपायच्या येळंला तुकडा हातात पडतो, पर सगळ्यास्नी सारखा पडतो.

जलमभर दुसऱ्यांच्या बांधाची भांडणं सोडवली त्यानं, आन् सोताचं रान उजनी धरणाच्या पाण्याखाली. पाणी आलं तवा हा दहा वर्साचा. रान नदीला लागून, त्यामुळं भर उन्हाळ्यात पाणी वसरलं तरी उघडं पडत न्हाय. पर काठावर हुबा ऱ्हायला की तो बोटानं दाखवतो, "पल्याडचं टेकाड आन् अल्याडची पाण्याची टाकी एका रेषंत आली की आमची हद्द सुरू." आजपोतर नावंत बसून तो तितं कधी गेला न्हाय. कुणी चला म्हणलं की ह्याचं ठरल्यालं उत्तर, "ह्या पाण्यानं आमच्या रानात येताना आमाला इचारलं न्हवतं. मी त्याच्या अंगावरनं जाईन, पर त्याला पाय लावणार न्हाय."

आमी म्हणायचो, ऱ्हाऊ दे, बोलतंय माणूस. तर रिटायर झाल्यावर हा गेला लेकीकडं हॉलंडला, तीन म्हैनं. लोकं तिकडनं चाकलेट आणत्यात, ह्यानं फळी आणली. फळीवर शिडाची काठी, आन् फळीच्या बुडाला छातीयेवढा लांब दांडा, दांड्याच्या टोकाला इमानासारखं पंख. त्याला फॉइल म्हणत्यात. शिडात वारा भरून फळीला येग आला की ते पंख फळीला पाण्यातनं वर उचलत्यात. दांडा तेवढा पाण्यात, माणूस दोन फूट वर. तितल्या तळ्यावर म्हाताऱ्या बाया बी असल्या उडत्यात म्हणं. हा त्यांच्यात पडत झडत शिकून आला. आता पाय न लावता कसं जायाचं ते घावलं हुतं. पर डाक्टरनं सांगितलं हुतं, पुढच्या म्हैन्यात दोन्ही गुडघं बदलायचं, मग ही असली हुबं ऱ्हायची थेरं कायमची बंद. म्हंजी हातात एवढाच म्हैना. माझी मेव्हणी, अक्का, कपाळाला हात लावून म्हणली, "लोकांचं गुडघं गेलं की काठी हातात घेत्यात. ह्यास्नी पंख फुटल्यात!"

मला बोलावलं ते इमानात शिड फाटलं म्हणून. शिडं दोन हुती, एक मोठं आठ चौरस मीटरचं, एक धाकटं सहाचं. फाटल्यालं धाकटं. मी ते शिवलं आन् फुकटचा सल्ला बी दिला, "साडूभाऊ, वारा हितं असून नसल्यासारखा. मोठं शिड लावा. कमी पडलं तर अजून दोन मीटर जोडून देतो. निळं कापड हाय माझ्याकडं, वाटरप्रूफ."

"पावणं," तो म्हणला, "चिमणीला घारीचं पंख बांधलं तर उडंल का?"

"न्हाय."

"मग गप ऱ्हावा. मोठं शिड वजनानंच दाबतंय. एकदा फळी उचलली की धाकट्यात बी काम भागतं. उचलायचं तेवढं अवघड. तितं शिड हापसायचं."

आपण हापसा हापसतो तसं दोन्ही हातानं शिड वडून सोडायचं, वडून सोडायचं. मला ते पटलं. पटलं न्हाय ते दुसरंच. काठी शिडाच्या बाहीत घालायची, खालनं एक दोरी वडायची, मागं बूमला, म्हंजी शिड धरायच्या आडव्या दांडीला, एक दोरी वडायची. हा दोन्ही दोऱ्या वडायचा आन् परत जरा सैल सोडायचा, मग शिड मधी फुगल्यालं, मागच्या कडंला लोंबल्यालं. "हलक्या वाऱ्यात शिडाला पोट लागतं," म्हणायचा. आता मी जलमभर उसाच्या, कांद्याच्या गाड्यांवर ताडपत्र्या बांधल्या. माझी ताडपत्री टिचकी मारली तर ढोलकीगत वाजती. तिच्यावर सुरकुती दिसली तर मला जेवण जात न्हाय. म्हणून साडू जाकीट घालाय वळला की मी दोन्ही दोऱ्या मस्त आवळायचो. चांगलंच करतोय असं मला वाटायचं, देवाशपथ. आमच्यात देवाची शपथ चालत न्हाय, तरी घेतो.

तीन दिवस असंच चाललं. सकाळी धा वाजता वाऱ्याला जरा जाग यायची, हा पाण्यात शिरायचा, फळीवर चढायचा, हापसून हापसून घामानं भिजायचा, आन् फळी म्हशीगत जाग्यावर. एक नाववाला रोज बघाय थांबायचा. "आबा, मासं बी हसाय लागल्यात. बसा माझ्या नावंत, इंजिन हाय."

"इंजिन पाण्यातनं जातंय. मला वरनं जायाचंय."

"वारा कुठाय पर?"

"वारा नसंल तर नसू दे. मी हाय न्हवं?"

तिसऱ्या दिवशी तो दोन्ही हातानं गुडघं धरूनच बाहीर आला. अक्का डबा घिऊन आली हुती, तिच्याकडं बघितलं न्हाय. मी म्हणलो, "वारंच बेकार हाय." तो तितंच खाली बसला आन् खिशातनं टेप काढला. दोरीवर त्यानं पेनानं बारीक खूण केली हुती. टेप लावला. खूण चार बोटं सरकल्याली.

त्यानं वर बघितलं. "पावणं, पस्तीस वर्सं लोकांनी रातोरात सरकवल्यालं बांधाचं दगड हुडकलं मी. दगड कुणी हलवला ते दगडाला इचारावं लागत न्हाय. तोंडावर दिसतं."

माझ्या तोंडावर काय दिसलं ते मला ठावं न्हाय, पर अक्का पदरात तोंड घालून हसाय लागली. मी म्हणलो, "व्हय साडूभाऊ. मीच. मला सुरकुती सोसत न्हाय."

मला वाटलं आता हाणतोय. तो नुसता म्हणला, "तू ताडपत्री बांधतोस ती वारा आत येऊ ने म्हणून. शिड बांधायचं ते वारा आत यावा म्हणून. येवढंच हाय बघ." पस्तीस वर्सात पहिल्यांदा त्यानं मला अरेतुरे केलं, आन् मला लई बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मी सोताच्या हातावर बसलो. खरंच, दोन्ही हात बुडाखाली घालून नाववाल्याच्या नावंत बसलो. पाण्यावर नुसता काटा आला हुता, एवढाच वारा. साडूनं शिड हापसलं, एकदा, धा येळा, ईस येळा. आन् फळी उचलली. आवाज न्हाय, काय न्हाय. पाण्याची खळखळ एकदम बंद झाली आन् आमचा साडू, साठी उलटल्याला माणूस, पाण्याच्या वर हुबा. नाववाला "आयला!" म्हणला आन् इंजिन चालू करायचंच इसरला. तो तसाच आत गेला, टेकाड आन् टाकी एका रेषंत येत्यात तितपोतर. आन् तितंच त्यानं शिड सोडून दिलं आन् धपकन पाण्यात.

आमी नाव पळवत गेलो. तो फळीवर घोड्यावर बसल्यागत बसल्याला, दोन्ही पाय पाण्यात.

"पडला व्हय साडूभाऊ?"

"पडलो न्हाय. उतरलो."

"अवो पर पाय लावणार न्हवता न्हवं?"

तो पाय पाण्यात हळू हळू हालवत हुता. "घरापोतर आल्यावर कोण दारातनं माघारी जातंय का, पावणं? हितं आमची ईर हुती. हितं जांभूळ. बघ खाली." मी वाकून बघितलं. मला हिरवं पाणी आन् माझंच थोबाड दिसलं. तरी म्हणलो, "दिसतंय." तो हसला, टेप बाहीर काढला न्हाय.

आता त्याचं गुडघं नवं हायती. काठी टेकत अंगणात चालतो आन् पावलं मोजतो. शिड माझ्या दुकानात टांगलंय. आठवड्याला त्याचा फोन येतो, "आवळलं न्हाईस न्हवं?" न्हाय म्हणतो मी. परवा कऱ्हाटी गावच्या एकाच्या कांद्याच्या गाडीला ताडपत्री बांधली. शेवटची गाठ मारताना हात आपसूक सैल सुटला आन् ताडपत्रीला मधोमध पोट आलं. गाडीवाला वरडला, "आरं, वारा शिरंल की आत!"

मी गाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणलो, "शिरू दे की जरा."