बुरशी न धरणारं पाणी

बाळापूरच्या बाजारात आमची एक मावशी मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या मिरच्या इकायची. तिच्या मिरचीला बुरशी धरायची न्हाई. आमच्या घरी म्या नुसतं झाकण उघडलं तरी धरती, असं बायको म्हणती.

मावशीला एक नाद व्हता. येगयेगळ्या मडक्यांतल्या आंबट पाण्यात ती रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचे तुकडे बुडवायची आन् बाहेर ठिवायची. ज्या तुकड्याला बुरशी आली, त्याचं मडकं उकिरड्यावर. जो टिकला, त्याचं पाणी पुढच्या सालाला इरजण. "दरसाल पाणी कडक करून राहिले," म्हणायची.

एकदा मालकीणबाईच्या लोणच्यावर पांढरी लव आली. त्यांनी मला, सालगड्याला, धाडलं. "तिचं तांब्याभर पाणी आण. पर लपवून. बौद्धाघरचं हाय, कळू देऊ नको."

म्या तांब्या धोतरात लपवला. माझ्या चालीवरूनच साऱ्या बाजाराला कळलं.

मावशी हसली न्हाई. "लपून काहून नेतो? फुकट देते. पर तुझ्या मालकिणीनं हितं येऊन, समद्यांसमोर माझ्या हातून घ्यावं."

"आन् न्हाई आल्या तर?"

"तर खा म्हणावं बुरशी."

मला गोष्ट फिरवून सांगता येत न्हाई. तसंच सांगितलं. मालकीणबाईनं बरणी उकिरड्यावर रिकामी केली, पर गेल्या न्हाईत.

पुढच्या बाजारी म्या माझ्या घरासाठी पाणी घेतलं आन् तांब्या डोक्यावर ठिवून मालकीणबाईच्याच ओट्यासमोरून जायला निघालो. चार पावलांत अर्धा डोक्यावरून अंगावर सांडला.

मागून मावशी वरडली, "असू दे रं! आता तुझं डोकं तरी टिकंल!"