आमटीतला हिंग

सन १९९४. माझं वय सदुसष्ट. चिकपेटातलं साड्यांचं दुकान मुलाच्या हाती दिलं आणि त्याच वर्षी पोटानं दगा दिला. मधुमेह होताच, म्हणून साखर-गूळ आधीच बंद. मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, गव्हातला चिकट भाग तुमच्या आतड्याला सोसत नाही. चपाती, रवा, मैदा, शेवया, काही नको. मी चौथी शिकलेला माणूस. विचारलं, "मग खायचं काय?" म्हणाले, "ज्वारी, नाचणी. भात स्वल्प."

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. रांधणारी एकटी सून. तिनं माझा तवा वेगळा केला, पोळपाट वेगळा केला आणि महिन्याभरानं गव्हाचा डबाच घासून उन्हात पालथा घातला. मुलगा चपाती दुकानाजवळच्या खाणावळीत खाऊ लागला. घरात ज्वारीची भाकरी, नाहीतर रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. आमटीत गूळ नाही, म्हणून ती पाण्यासारखी लागे. मी म्हणायचो, "हिंग घाल गं अजून." हिंग मात्र मी स्वतः आणायचो. चिकपेटच्या गल्लीतलं एकच दुकान, माझे वडीलही तिथूनच नेत. दुसऱ्या कुणाचा हिंग मी घरात येऊ दिला नाही.

चार महिने असं खाल्लं. पोट तसंच. दिवसातून सहादा धाव. धोतर कमरेवर राहीना. एका दुपारी ताट सरकवलं आणि म्हणालो, "तुझ्या हाताला कुठंतरी गहू लागतोय. नाहीतर मुद्दाम घालतेस."

ती भाकरी थापत होती.

"अण्णा, या घरात तीन महिने गहू नाही."

"मग माझं पोट खोटं बोलतं?"

"पोटाचं मला ठाऊक नाही. तुम्ही बोललात ते ऐकलं."

हातातली भाकरी तिनं पूर्ण भाजली, माझ्या ताटात ठेवली आणि संध्याकाळी के. आर. पुरमला आईकडं निघून गेली. मुलगा म्हणाला, "तुम्ही जाऊन बोलल्याशिवाय ती यायची नाही. तोवर तुमचं तुम्हीच शिजवा. तुमच्या हातचं तरी पोटाला चालेल."

मीही जाणारा नव्हतो. शिजवलं. भाकरी परातीतून उचलताना तुटायची, मुद्द्यात कच्च्या पिठाच्या गुठळ्या. उभं राहून पाय सुजायचे. आमटी तेवढी जमली, कारण हिंग सढळ हातानं. आणि पोट दुप्पट बिघडलं. आता रांधणारा मीच, दोष कुणाला देणार? तरी गेलो नाही.

बाराव्या दिवशी हिंग संपला. हिंगाच्या दुकानापाशी पोचलो तर उभं राहवेना. मालक म्हणाला, "आत बसा स्वल्प, अण्णा." इतक्या वर्षांत मी बाहेरूनच पुडी घेऊन निघायचो. आत एक गडी मोठ्या परातीत पांढरं पीठ मळत होता. वास हिंगाचा.

"हे काय?"

"मैदा. नुसता हिंग जहाल असतो, कुणाला झेपतो? मैद्यात मळूनच विकतो आम्ही, आजोबांपासून."

"सरी, बरं," म्हणालो. पुडी न घेताच घरी आलो. ताकभात खाल्ला आणि तिच्याशी काय बोलायचं ते मनात जुळवत बसलो. एकही वाक्य धड होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगाची रिकामी डबी खिशात घातली आणि के. आर. पुरमची बस धरली. बसायला जागा मिळाली नाही. दार सुनेनंच उघडलं. उंबऱ्याबाहेरूनच डबी तिच्या हातात दिली.

"हिंगात मैदा असतो. हिंग मी आणत होतो."

तिनं झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं. "आणि मुद्दाम घालतेस म्हणालात, त्याचं काय?"

"ते चुकलं माझं."

असं मी बायकोलाही कधी म्हटलं नव्हतं. ती दारातून बाजूला झाली. चपला काढून आत गेलो आणि तिची पिशवी भरून होईपर्यंत खुर्चीत बसून राहिलो.