मार लागला होता का?

हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं. बायको होती तोवर चार वर्षं, आणि ती गेल्यावर तीन. मधल्या काळात बरंच काही लिहिलं. मिलमधल्या दिवसांबद्दल, धानाच्या जुन्या वाणांबद्दल, गावातल्या दंडारीच्या खेळांबद्दल. गोंदियात चार माणसांत ते वाचूनही दाखवलं. ही एक गोष्ट मात्र कागदापर्यंत आली की पेन खाली ठेवून मी बैलाला पाणी पाजायला उठायचो. आता बैलही नाहीत.

मागच्या आठवड्यात मुलीचा नागपूरहून फोन आला. तिथे ती दरवर्षी छातीचा फोटो काढून घेते, कारण तिच्या आईला गाठ होती आणि ती कशाची होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. "बाबा, फॉर्म भरून राहिली. आईची गाठ कशाची होती, काय लिहू?" मी म्हणालो, "माहीत नाही लिही." तिने तसं लिहिलं असणार. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

मी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं हमालांचा मुकादम होतो. पोती मोजणं, थप्प्या लावून घेणं ही कामं होतीच. आणखी एक काम होतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. हमालाला लागलं की त्याला दवाखान्यात मी न्यायचो आणि डॉक्टरच्या प्रश्नांची उत्तरंही मीच द्यायचो. मिलमध्ये लागलं म्हटलं की पोलीस यायचे, जबाब व्हायचे, काम थांबायचं. म्हणून माणसाला रिक्षात बसवतानाच मी पढवायचो, "घरी पायरीवरून पडला म्हण."

एकदा थप्पी कोसळून एकाचा खांदा निखळला. कळवळत असतानाही तो मला म्हणाला, "मुकादम, आमच्या घराले पायरीच नाही ना जी."

"मंग बांधून घे," मी म्हणालो. रिक्षावाल्यासकट सगळे हसले होते.

आणखी एक नियम मी साऱ्यांना शिकवला होता. एकदा दिलेला जबाब बदलायचा नाही. पहिल्यांदा जे सांगितलं तेच दहाव्यांदा सांगायचं. बदलला की फसला.

आमचं गाव बिरसीच्या बाजूला आहे. विमान शिकणाऱ्या पोरांची लहान विमानं दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईचे दिवस होते. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि लेकीबाळी माहेरच्या मंडईला जातात. तिचं माहेर दरेकसाकडे, डोंगराच्या अंगाला. आदल्या दोन्ही वर्षी मी तिला जाऊ दिलं नव्हतं. एकदा कापणी होती, एकदा मिलमध्ये गर्दी. या वर्षीही मी नाही म्हणालो आणि सायकल काढली.

तिने समोर येऊन सायकलचा हँडल दोन्ही हातांनी धरला.

"कावून नाही, तेवढं सांगून जा जी."

"सोड."

"माय म्हातारी झाली माही. अजून किती मंडया पायन ते?"

"सोड म्हणलं ना!"

तिने सोडला नाही. मग सायकल पुढे गेली. सध्या एवढंच लिहितो, सायकल पुढे गेली. हँडलची उजवी मूठ तिच्या छातीत बसली. ती आवाज न करता अंगणातच खाली बसली. मी तिला ओलांडून मिलमध्ये गेलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा भात, वरण, वांग्याची भाजी असं सगळं केलेलं होतं. ती वाढत होती. पोलक्यावर डाव्या बाजूला हळद-चुन्याचा पिवळा डाग उमटला होता. मुका मार लागला की आमच्याकडे हळद आणि चुना गरम करून लावतात; त्याचा एक उग्र वास येतो. त्या वासात मी जेवलो.  आठ दिवस तो वास घरात होता. नंतर जायला हवा होता. अजूनही कधी कधी भर दुपारी, घरात कोणी नसताना, तो येतो. चूल थंड असते, हळदीचा डबा बंद असतो, तरीही.

होळीच्या सुमारास तिच्या हाताला गाठ लागली. गावातल्या आशाताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, उद्याच्या उद्या जा." गोंदियाला सोनोग्राफी झाली. पडद्याआड ती झोपलेली, मी स्टुलावर. डॉक्टरीणबाई हिंदीत विचारत होत्या आणि लिहीत होत्या. मुलं किती, पाळी कधी गेली, घरात कोणाला असा आजार होता का. मग विचारलं, "यहाँ कभी चोट लगी थी? मार वगैरे?"

"नहीं जी," मी म्हणालो.

तिने तोंड उघडायच्या आधी म्हणालो. खरं सांगायचं तर विचार करून नाही म्हणालो. तीस वर्षं तो प्रश्न आला की जे उत्तर जिभेवर यायचं, ते आलं. मला डोळ्यांसमोर पोलीस दिसला, जबाबाचा कागद दिसला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं.

रिपोर्टात आलं, गाठीचं नक्की स्वरूप सांगता येत नाही, मॅमोग्राफी करा. ती तपासणी नागपूरला. बाहेरच्या बाकावर बसलं की आतल्या बाईचा आवाज येई. "सरळ उभ्या राहा. खांदा ढिला सोडा. श्वास रोखा." मग यंत्राची घरघर. "सोडा." त्या यंत्रात छाती दोन पाट्यांमध्ये दाबतात. पहिल्यांदा बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बरोबर तिथंच दाबते जी ते मशीन." एवढंच बोलली आणि पदर नीट केला.

मग सहा महिन्यांनी परत. मग परत. दर वेळी नवा फॉर्म, दर वेळी तोच प्रश्न. कधी मराठीत, कधी हिंदीत. मार लागला होता का? दर वेळी मी नाही म्हणालो. ती माझ्याकडे बघायची. पहिल्या एकदोन वेळा त्या बघण्यात भीती होती असं मला वाटलं. नंतर ती नुसती वाट पाहत असायची.

तिसऱ्या खेपेला सुई टाकून पाहिलं. सुईतून थोडं तेलासारखं आलं. वाईट काही दिसलं नाही, पण खात्रीही देता येईना. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि शांतपणे समजावलं, "काका, जोराचा मार लागला तर आतली चरबी सुकते. तिची गाठ राहते. फोटोत ती थेट वाईट गाठीसारखी दिसते, पण तिच्यापासून धोका नसतो. मार लागल्याचं कळलं तर आम्हीही थोडे निर्धास्त होतो, म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो. नीट आठवा."

मला सगळं आठवत होतं. तिच्या पायातल्या चपलेचा पट्टा तुटला होता, तेसुद्धा.

पण आधीच्या सगळ्या कागदांवर 'नाही' लिहिलेलं होतं. ते कागद माझ्या मांडीवरच्या पिशवीत होते. जबाब बदलायचा नाही. मी म्हणालो, "नाही मॅडम, असं काही झालं नाही."

"मग गाठ काढूनच तपासावी लागेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर सहा-सहा महिन्यांनी फोटो काढत राहा."

परतताना गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. तुमसर गेल्यावर ती बोलली.

"कापू म्हणते बाई. तुमाले काय वाटते?"

"डॉक्टर म्हणतीन तसं करू."

"डॉक्टरले माहीत नाही म्हणून तर ते कापाले पायते. ज्याले माहीत हाय, त्यानं सांगावं ना."

मी खाली वाकून पिशवी सारखी केली. तिने कापायला नकार दिला. फोटो चालू राहिले.

या चार वर्षांत ती मरणाऱ्या बाईसारखी जगली. कधी रडली नाही, पण हळूहळू सगळं आवरत गेली. चांगली लुगडी मुलीला दिली. मला भात करायला शिकवला आणि पेज जास्त काढली की हसायची, "एवढे दिवस मिलमंधी काय केलं जी, तांदूळ नाही समजत तुमाले." नातवाला डाव्या कडेवर घ्यायची नाही. फोटोंचे मोठे लिफाफे तिने धानाच्या कोठीमागे उभे करून ठेवले होते. कधी दुपारी एखादा काढून खिडकीच्या उजेडात धरायची. "हे पांढरं पांढरं दिसते, तेच का जी?" मी हो म्हणायचो. एकदा अंगणात बसली असताना विमान घिरट्या घालत होतं. ती वर बघून म्हणाली, "हे बी आपल्यावानीच. फिरून फिरून तिथंच येते."

शेवटच्या खेपेला फोटो काढणारी बाई नवी होती. प्रश्नांच्या वेळीही तिने मला आत येऊ दिलं नाही. ते बायकोलाच विचारले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आज मलेच इचारलं. मार लागला का म्हणून."

मी विचारलं, "मंग?"

"नाही म्हणलं."

"कायले?"

"माह्या तोंडून कायले पायजे तुमाले?" ती म्हणाली. "मी सांगतलं त नुसता मार होते. तुमी सांगतलं त मी बरी होतो."

त्या वर्षी मी तिला स्वतःहून मंडईला नेलं. तिची माय तोवर राहिली नव्हती. भावाच्या घरी दोन दिवस राहिलो, दंडार पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी दरेकसाच्या स्टेशनावर आम्ही दोघंच बाकावर होतो. समोर जंगल, एक कुत्रं, आणि रुळांवर ऊन. सांगायचं ते मी दोन दिवस मनात लावत होतो. म्हणालो, "त्या दिवशी सायकल..."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. पूर्ण माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे अशी कधी वळली नव्हती.

लांबून गाडीचा भोंगा आला.

"सायकल इकून टाकाले पायजे," मी म्हणालो. "जुनी झाली."

 तिने पिशवी उचलली. "इका," म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला, तो छातीत उतरला, आणि आठ दिवसांत ती गेली. गाठीशी त्याचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. ती गाठ माझ्या सायकलची होती की नाही हे मलाही खात्रीने सांगता येणार नाही. ते सांगू शकले असते ते डॉक्टर, आणि त्यांना मी खोटं सांगितलं. लिफाफे अजून कोठीमागे आहेत. कधी एखादा उजेडात धरतो. पांढरा डाग तिथेच असतो, आणि कानात आवाज येतो, श्वास रोखा. 'सोडा' मात्र कोणी म्हणत नाही.

हा कागद मी आधी मुलीला वाचून दाखवणार आहे. तिच्या फॉर्मवर 'माहीत नाही' खोडून 'मार लागला होता' लिहायचं आहे, आणि कोणी मारलं तेही. ती मला काय म्हणेल ते म्हणेल.

पण त्या बाकावर, भोंगा येण्याच्या आधी, जे म्हणायचं होतं ते ऐकणारी आता नाही. ते असं होतं:

"त्या दिवशी सायकल पुढं गेली नाही, म्या ढकलली. तुले लागावं म्हणून ढकलली. मंग साऱ्यायले नाही म्हणून सांगतलं, अन् तुले चार वर्षं मरणाच्या भेवात ठेवलं. माहं चुकलं वो. मले माफ कर."