पदराचा धडा

मंगल गेल्याचं कळलं तेव्हा मी व्हाउचरं लावत होते. सुरतेत पांडेसऱ्यातल्या ज्या डाइंग मिलच्या ऑफिसात मी काम करते, तिथेच मंगलचे यजमान भास्करभाऊ रंगखात्यात आहेत. त्यांच्या खात्यातला एकजण दारात येऊन म्हणाला, "बेन, भास्करभाईना मिसेस ऑफ थई गया." मी हातातलं व्हाउचर टाचलं, त्याच्या जागी ठेवलं, आणि मग विचारलं, "कोण?" दुपारी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. तिच्याकडे जमलेल्या बायकांसाठी मी चहा केला एवढं आठवतं, आणि त्यात साखर घालायची राहिली हेही. सगळ्यांनी तो तसाच प्यायला...

मंगल शिरपूरकडची, मी बुलढाण्याची. लग्न होऊन दोघी सुरतेला आलो आणि एकाच मजल्यावर समोरासमोर राहिलो. ती शिवलेली नऊवारी करायची. लग्नसराईत बायका पोरीबाळींसाठी तिच्याकडून शिवून न्यायच्या. दुपारच्या वेळी पुढच्या खोलीत चार-पाचजणी शिकायलाही यायच्या. पण सुरतेत माणूस टिकतं कुठे? कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलं, कुणी गावी परतली, कुणाची बदली झाली, आणि शिकणं अर्धंच राहिलं. मग फोन यायचे. मंगल खांद्याने फोन कानाशी धरून काष्टा कसा काढायचा ते हवेत हात फिरवून सांगायची. एकदा असंच बराच वेळ सांगून तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सुनंदा, हे आसं नई जमत. तिले दिसाले पाहिजे. आपण ऑनलाइन कोर्स काढू." त्यातल्या 'आपण'ला मी नाही म्हणाले नाही. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते म्हणून मला सगळं येतं, असा तिचा समज होता. मीही मग रोज थोडं थोडं शिकत गेले.

खिडकीच्या गजाला जुन्या साडीच्या काठाने फोन बांधला. खाली कापायचं टेबल. पहिला धडा तिने बातम्या देणाऱ्या बाईसारखा बोलून काढला, "नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण जाणून घेणार आहोत..." आणि तो बघून स्वतःच घाबरली. "ही कोन बाई शे? हिच्याकडे तर मीच शिकाले जाणार नई." तो धडा पुसला. नंतर ती माझ्याशी बोलायची तशीच बोलली, मराठीत अहिराणी मिसळून. मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमचा खटखटाट प्रत्येक धड्यात आहे. एका धड्यात कुकरची शिट्टी झाल्यावर ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "दोन झाल्या, अजून एक होऊ द्या."

पाडव्याला कोर्स सुरू केला. फोनला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी बटण दाबलं. मंगल इस्त्रीची साडी नेसून बसली होती. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही. "दुकान उघडलं की पहिल्या दिवशी शेजारी तरी येतस," ती म्हणाली, "आठे, ह्या फोनमा, शेजारी कोन?" आणि उठून भाकरी टाकायला गेली. पुढच्या आठवड्यात बारडोलीहून वैशाली नावाची एक बाई कोर्सला आली. तिचा नवरा साखर कारखान्यात कामाला. मग तिची नाशिकची नणंद, मग हजिऱ्याच्या कॉलनीतल्या दोघी... रविवारी दुपारी सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र जमायचं, अडलेलं विचारायचं, असं ठरलं. मंगल सकाळपासून त्याचीच वाट बघायची. सगळे धडे तयार झाले होते, फक्त शेवटचा, पदर जोडायचा धडा तेवढा बाकी होता. तो ती येत्या आठवड्यात काढणार होती.

ती गेल्यानंतरचा रविवार माझ्या लक्षातच नव्हता. फोन वाजायला लागला तेव्हा कळलं, बायका जमल्या होत्या. मी समोर आले. वैशालीने फरशीवर साडी पसरून ठेवलेली दिसत होती.

"ताई कुठंयत?" तिने विचारलं.

"मंगलताई गेल्या," मी म्हणाले.

"गावाला?"

मला पुन्हा सांगावं लागलं. या वेळी मी 'वारल्या' म्हणाले. कुणाच्या तरी घरी पंखा चालू होता, त्याचा आवाज येत राहिला. वैशाली खाली बसली आणि पसरलेली साडी हळूहळू घडी करायला लागली. मीही बघत राहिले. रडू आलं नाही. घडी नीट होतेय का, एवढंच मी बघत होते.

दिवसकार्य झाल्यावर भास्करभाऊ म्हणाले, "ते बंद करून टाका, वहिनी. कुणाच्याही घरात तिचा आवाज चालू असतो, मला सहन होत नाही." मी हो म्हणाले. बंद करायच्या आधी तेवढं वैशालीला कळवलं. दुसऱ्याच दिवशी ती बारडोलीहून बसने आली, सोबत तिची अर्धी शिवलेली नऊवारी. भास्करभाऊंपुढे ती ठेवून म्हणाली, "दादा, पदराशिवाय ही कशी नेसू? मागे मी सुरतेला आले होते, तेव्हा ताईंनी मला समोरासमोर एकदा सांगितलंय. त्यांच्याच टेबलावर करून दाखवते. मग तुम्ही म्हणाल तसं." भास्करभाऊ उठले, आणि त्यांनीच गजाला फोन बांधला.

वैशालीने पदराचा धडा चांगला सांगितला. पण तो बघता बघता संपला. मंगलचा कुठलाही धडा इतका लहान नव्हता. असं का, ते मला समजेना. भास्करभाऊ म्हणाले, "ती थांबायची ना." आणि स्वतःच्या फोनवर त्यांनी काष्ट्याचा धडा लावला. म्हणजे ते बघत होते तर...

मंगल खडूने रेघ मारते, कात्री कुठून चालवायची ते दाखवते, आणि कात्री खाली ठेवते. ही मधली रिकामी जागा काढून टाकू, असं मी तिला किती वेळा म्हटलं होतं. "तिचे हात कापडात गुतेल राहतीन," ती म्हणायची, "फोन थांबवाले तिले हात कुठे? मीच थांबस."

फोनमधली मंगल वर बघते. "व्हयनं का? घाई नको करू. मी आठेच शे." झालं का? मी इथेच आहे. आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून, कुणाचं तरी कापून होईपर्यंत, ती खरंच थांबते. लूम चालू असतात. शेवटी मान हलवून ती पुढचं सांगायला घेते, पण ते मी त्या दिवशी बघितलं नाही. ती मान हलवायच्या आतच भास्करभाऊंनी बोटाने व्हिडिओ थोडा मागे नेला.

"व्हयनं का?" मंगलने पुन्हा विचारलं, आणि ती थांबली.