ताईच्या सासऱ्यांनी आधीच सांगितलेला निकाल

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांना या जगात घडून गेलेल्या एकाही गोष्टीत रस नव्हता. कुणाचं लग्न थाटात झालं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, अशा बातम्या घेऊन माणूस ओसरीवर आला की ते सरळ जांभई देत. झालेली गोष्ट म्हणजे त्यांच्या लेखी कालचं कालवण. मात्र गोष्ट अजून व्हायची असली, की पांढऱ्या गलमिशांचा हा दणकट म्हातारा ताठ बसे. सर्व्हिस मोटार चढावर बंद पडेल की नाही, समोरच्या डोंगरावर दिसणाऱ्या दोन ढगांपैकी अलीकडे आधी कोणता उतरेल, पंगतीत शेवटपर्यंत कोण आमटी मागत राहील, गाभण म्हशीला रेडा होईल की रेडी, या सगळ्याचा निकाल ते आधीच देऊन मोकळे होत. आणि निकाल चुकला म्हणून ते ओशाळले आहेत, असं त्यांच्या गावात, मेढ्यात, कुणी पाहिलं नव्हतं. एकदा त्यांनी शेजाऱ्याला रेडा सांगितला आणि झाली रेडी. शेजारी हसत आला, "आबा, चुकला की तुमचा अंदाज!" आबा म्हणाले, "अंदाज बराबर हुता गड्या. म्हस चुकली."

मी तेव्हा साताऱ्यात राहत होतो. छापलेल्या एका कागदाने जग उलटंपालटं करता येतं, अशी माझी खात्री होती. ज्योतिष, शकुन आणि नवस यांच्याविरुद्ध काढलेलं एक पत्रक घेऊन मी मुद्दाम मेढ्याला गेलो आणि ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "लय झ्याक लिवलंयस. पर ह्यातली निम्मी पत्रकं भज्याच्या गाडीवर जानार." निम्मी नव्हे, जवळजवळ सगळी गेली. मी चिडून म्हणालो, "आबा, तुम्हीसुद्धा ज्योतिषीच!" तेव्हा मात्र त्यांना राग आला. "मला त्यात धरू नगंस. त्ये वर ताऱ्याकडं बघत्यात. मी मानसाच्या गुडघ्याकडं बघतो." ते खरं होतं. यात्रेत कुस्त्यांच्या फडावर ते जोड लागण्याआधी पहिलवानांची छाती बघत नसत. गडी लंगोट कसताना पाय कुठे टाकतो, पाणी पिताना कुणाकडे बघतो, एवढं टिपत आणि निकाल सांगून शेंगा सोलत बसत. कुस्ती संपेपर्यंत त्यांचं लक्ष पुढच्या जोडीकडे गेलेलं असे.

अशा माणसाच्या घरात मुष्टियुद्ध शिरलं ते त्यांच्या मुलामुळे, म्हणजे माझ्या दाजींमुळे. दाजी लढाईवर गेले, पलटणीत ठोसेबाजी शिकले आणि आपल्या पलटणीचे अजिंक्यवीर होऊन परत आले. त्याच सुमारास इस्लामपूरकडचा एक गडीही आपल्या पलटणीचं अजिंक्यपद घेऊन घरी आला होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण दोन तालुक्यांनी त्यांना केव्हाच समोरासमोर उभं केलं होतं. साताऱ्यात सुट्टीवरच्या शिपायांचा मेळावा ठरला, त्यात या दोघांची लढत ठरली, आणि मेढ्यातला जो तो आबांना विचारू लागला, कोण जिंकणार?

आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी फेटा बांधला आणि ते थेट सांगलीला गेले. इस्लामपूरचा गडी तिथे मामाकडे राहून तालमीत सराव करत होता. आबा दिवसभर तालमीच्या उंबऱ्याशी बसले. आपण कोण हे त्यांनी लपवलं नाही. त्या गड्याने त्यांच्या पाया पडून त्यांना दूध पाजलं, आणि आबांनी ते पिता पिता त्याचे गुडघे बघितले. परत आल्यावर चावडीवर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "इस्लामपूरचा गडी मारनार. आमचं पोरगं पडनार."

त्या संध्याकाळी ताईच्या घरात चूल पेटली, पण कुणी जेवलं नाही. दाजी स्वभावाने गरीब. ते आरडाओरडा करते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "परक्यानं म्हटलं असतं तर हसलो असतो," आणि गोठ्यात जाऊन बसले. तिथून पुढे बापलेकांचं बोलणं बंद झालं. काही सांगायचं असलं तर दोघंही ताईला सांगत. ती दोघांच्या मधे निरोप वाहून कंटाळली आणि तिने मला बोलावून घेतलं.

"तू त्यांच्याशी बोल रं. म्हणावं, एक डाव खोटं बोला. पोरगं जिकंल म्हणा. तुमच्या तोंडाला काय झिजनार हाय?"

खोटं बोला असं कुणाला सांगायला जाण्याची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि तेही माझ्या बहिणीच्या सुखासाठी. मी आबांना गाठलं ते पाणवठ्यावर. ते तिथे बैल धूत होते.

"आबा, स्वतःच्या मुलाविरुद्ध असं चावडीवर बोलायचं?"

"मग कुटं बोलू? पत्रक काढू?"

"पण तो तुमचा मुलगा आहे."

"म्हनून तर नीट बघितलं. नात्यानं बघितलं की डोळ्यात पानी येतं, आन पान्यातनं समदं वाकडं दिसतं." मग बैलाची पाठ चोळत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आमचं पोरगं मारतं झकास. पर मारलं की थांबून बघतं, समोरच्याला लागलं का म्हनून. ल्हानपनापास्नं तसंच हाय. त्या बघन्यातच त्यो मार खानार."

"हे त्यांना सांगितलंत का?"

"काय सांगू? दया सोड म्हनू?"

मी ताईला जाऊन सांगितलं, की आबा ऐकत नाहीत. ती म्हणाली, "तुला बोलवायलाच नगं हुतं."

लढतीच्या दिवशी मैदानावर दोन्ही तालुके उतरले होते. दोऱ्यांच्या चौकोनात दोघं उभे राहिले, हातांत उशांसारखे मोजे. पंच म्हणून पलटणीतला एक कप्तान आला होता. त्याने नियम इंग्रजीत सांगितले आणि माणसांनी ते हलगीच्या आवाजात ऐकले. आबा पहिल्या रांगेत बसले होते. त्या दिवशी त्यांनी शेंगा आणल्या नव्हत्या. दाजी फार सुरेख लढले. दुसऱ्या फेरीत त्यांचा एक ठोसा असा बसला, की इस्लामपूरकर दोऱ्यांवर जाऊन आदळला. मेढेकर उठून नाचायला लागले. आणि दाजी थांबले. थांबून त्याच्याकडे बघू लागले. पुढच्या क्षणी ते पाठीवर उताणे पडले होते.

आता सातारा आणि सांगलीच्या माणसाला एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर कळलेली असते. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. कप्तानाने बोट वर करून मोजायला सुरुवात केली, पण दहा आकडे व्हायच्या आत पडलेला उठला की लढत पुढे चालते, हे त्या गर्दीला ठाऊक नव्हतं. "चितपट!" अशी आरोळी उठली, फेटे हवेत उडाले, हलगी कडाडली, आणि शेदीडशे माणसं दोऱ्यांखालून आत शिरली. इस्लामपूरच्या गड्याला त्यांनी खांद्यावर घेतलं. तो बिचारा मोज्यांनी त्यांच्या डोक्यांवर थापट्या मारत ओरडत होता, "आरं सोडा! अजून हाय! खाली सोडा रं!" कोण ऐकतो? मिरवणूक त्याला घेऊन पेठेकडे निघालीसुद्धा.

त्या गर्दीत मला आबा दिसले. फेटा सुटलेला, धोतराचा सोगा कुणाच्या तरी पायाखाली. दाजींच्या भोवती ते हात पसरून उभे होते आणि दिसेल त्याला ढकलत होते. "मागं व्हा! सायेब मोजतोय अजून! उठनार हाय माझं पोरगं! मागं व्हा म्हनतो!" त्यांनीच चावडीवर सांगितलेला निकाल डोळ्यांदेखत खरा होत होता, आणि तो खरा होऊ नये म्हणून हा म्हातारा दोन तालुक्यांशी एकटा झुंजत होता.

दाजी उठले. कप्तानाची बोटं संपायच्या आत उठले, मोजे वर धरले आणि उभे राहिले. समोर कुणी नव्हतं. कप्तानाने पेठेकडे जाणाऱ्या मिरवणुकीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि निकाल नाही असं जाहीर केलं. ते ऐकायला आम्ही चारपाच जण होतो.

परतीच्या मोटारीत बापलेक शेजारी बसले, कारण दुसरी जागाच नव्हती. दाजींचा डावा डोळा मिटला होता. मोटार निघताना एकाने खिडकीतून डोकावून म्हटलं, "आबा, मानलं तुमाला! बोलला तसंच झालं."

"काय झालं?" आबा उसळले. "पोरगं उठलं हुतं! चुकलो मी. सांग जा समद्यास्नी."

आबांनी फेट्याचं टोक ओलं केलं आणि दाजींच्या डोळ्यावर धरलं. दाजींनी ते धरू दिलं. मग तसेच, डोळा झाकलेल्या अवस्थेत, त्यांनी हळूच विचारलं, "आबा, पुन्हा जोड लागली तर कोन जिकंल?"

मी कान टवकारले. घडायच्या गोष्टीबद्दल आबांना कुणी विचारावं आणि त्यांनी उत्तर राखून ठेवावं, असं होत नसे. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं.

"मला न्हाई दिसत," ते म्हणाले.

ती जोड पुन्हा लागली नाही. दाजी आता सांगलीला मोटारीवर असतात. सुट्टी मिळेल तेव्हा येतात, नाहीतर येत नाहीत. आबा अजूनही ओसरीवर बसून ढगांचे आणि म्हशींचे निकाल देतात. मधे मी गेलो होतो तेव्हा ताईने सहज विचारलं, "आबा, ह्या शनवारी येतील का वो हे?" म्हाताऱ्याने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "बगू या."

आणि खरोखरच, अंधार पडेपर्यंत तो तिकडे बघत बसला.